टीका स्वीकारण्याची वेळ अकरा ते एक

सरकारवर टीका करण्याचा हक्क कोणत्याही सुधारलेल्या राज्यात प्रत्येक नागरिकाला असतो. तो कोणत्या खिडकीवर बजावायचा, एवढंच काय ते सरकारला ठरवावं लागतं. खिडकी नसली की लोक रस्त्यात टीका करतात, गच्चीवर करतात, तोंडात घास असताना करतात, आणि ती सगळी नोंदीविना वाया जाते. साथीच्या पहिल्या वर्षी हेच झालं. एका अंदाजानुसार (अंदाज खात्याचाच आहे) त्या वर्षी दर माणशी दिवसाला साडेचार टीका नुसत्या हवेत गेल्या. त्यांतली एकही आवक वहीत नाही.

म्हणून दुसऱ्या वर्षी लस आली, आणि लसीच्या अकरा दिवस आधी टीका स्वीकार कक्ष आला. सरकार उशिरा जागं होतं म्हणणाऱ्यांनी हे अकरा दिवस लक्षात ठेवावेत.

कक्ष आरोग्य खात्याच्या इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याखाली होता. पूर्वी तिथे मोडक्या चाकाच्या खुर्च्या ठेवत. त्यांतल्या दोन अजून तिथेच होत्या, आणि टीका करायला आलेल्या वयस्कर माणसांना बसायला त्या फार सोयीच्या पडत (फक्त जिथे बसलो तिथेच राहू अशी अपेक्षा ठेवायची नाही). भिंतीला एक खिडकी, खिडकीला फळी, फळीला दोरीनं बांधलेलं पेन. वर पाटी: ‘टीका स्वीकारण्याची वेळ अकरा ते एक. कृपया रांगेत व एका वेळी एकच टीका करावी.’

खिडकीच्या आत अव्वल कारकून बसत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं; बाकी सगळीकडे त्यांना खुलासे म्हणत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी नऊ हजारांवर खुलासे लिहिले होते आणि त्यांतल्या एकातही ‘चूक’ हा शब्द आलेला नव्हता. पूल खचला तेव्हा त्यांनी ‘पुलाने आपली पातळी बदलली’ असं लिहिलं होतं. दवाखान्याचं छत गळलं तेव्हा ‘वरच्या मजल्यावर पाण्याची उपलब्धता वाढली’ असं लिहिलं होतं. माणूस वाईट नव्हता. सुताराचा हात जसा लाकूड दिसलं की रंध्याकडे जातो, तसा त्यांचा हात आरोप दिसला की ‘वस्तुस्थिती अशी आहे की’ याकडे जायचा.

टीकेचा अर्ज म्हणजे नमुना तीन. (नमुना एक आणि दोन कशाचे, हे विचारणाऱ्यांसाठी नमुना चार होता.) अर्जाच्या मागे नऊ नियम छापलेले होते. सगळेच वाचण्यासारखे आहेत, पण जागेअभावी चारच सांगतो. नियम पहिला: लसीकरणावर टीका करणाऱ्यानं स्वतः लस घेतलेली असावी, कारण अनुभवाशिवाय केलेली टीका हा निव्वळ पूर्वग्रह होय. नियम दुसरा: ज्यानं लस घेतली आहे त्याला लस मिळालेली असल्यामुळे, लस मिळत नाही अशी टीका त्याला करता येणार नाही. हे दोन नियम एकत्र वाचल्यावर रांग निम्मी कमी व्हायची. राहिलेले निम्मे एकदा वाचून कळलं नाही म्हणून थांबलेले असत.

सहावा नियम मात्र अनुभवातून आला. पहिल्याच आठवड्यात एका शिंप्यानं खिडकीवर नमुना तीन हातात घेतला, पुढून वाचला, मागून वाचला, आणि तो जो हसत सुटला तो हसतच जिना चढून निघून गेला. आता याची नोंद कुठे घ्यायची? कक्षप्रमुख साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि शेरा मारला: ‘हसणारा माणूस दुःखी नसतो.’ तेव्हापासून नियम सहावा: अर्जदार अथवा अन्य नागरिक टीका वाचताना किंवा ऐकताना हसल्यास त्याचे समाधान झाले असे समजावे. आणि नववा: कोणतीही टीका पंधरा दिवसांनंतर खुली ठेवायची असेल, तर समाधान न झालेल्या दुसऱ्या एका नागरिकाची सही तीवर लागेल. एकट्या माणसाला काय, काहीही वाटतं.

एवढं सगळं पार करून जी टीका आत यायची तिला उत्तर म्हणून अव्वल कारकून खुलासा पाठवत. खुलासे तीन तयार होते. एक, लसीचा पुरवठाच वरून आलेला नाही. दोन, पुरवठा भरपूर आहे, नागरिकच येत नाहीत. तीन, नागरिक येतात, पण फार गर्दी करतात. ते पाळीपाळीनं द्यायचे असा शिरस्ता होता, म्हणजे तीनदा हेलपाटा घालणाऱ्या माणसाला संपूर्ण माहिती मिळे. पहिल्या तीन महिन्यांत कक्षात चारशे सोळा अर्ज आले आणि चारशे सोळांच्या चारशे सोळा अर्जांच्या समाधानाच्या रकान्यात टिंब पडलं, म्हणजे समाधान झालं. साहेबांनी तो तक्ता काचेच्या चौकटीत लावला.

आता खुलाशांच्या घरचं सांगायला हवं, कारण गाडं तिथे अडलं.

घरी खुलासे, त्यांची बायको आणि त्यांची आई. आईचं वय ब्याऐंशी. तिनं चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, आणि निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली तरी घरात कोणी ‘जवळपास सगळे’ म्हणालं की ती मान वर करून विचारायची, “म्हणजे किती?” तिच्याहून दोन वर्षांनी धाकटी बहीण, म्हणजे खुलाशांची मावशी, गावाबाहेरच्या वृद्धनिवासात राहायची. मावशीची छाती लहानपणापासून नाजूक. साथ आल्यापासून वृद्धनिवासाचं फाटक बंद होतं. दोघी बहिणी चौदा महिने एकमेकींना फोनवर पाहत होत्या, आणि मावशीला फोन कसा धरायचा हे न जमल्यामुळे आईला चौदा महिने बहुतेक मावशीचा कानच दिसत होता. तिकडे राहणाऱ्या सगळ्यांना लस देऊन झाली आणि फाटकावर सूचना लागली: लस घेतलेल्या नातेवाइकांना भेटता येईल. त्या दिवसापासून आई स्वतःच्या लसीची वाट बघत होती. एरवी तिनं आयुष्यात कशाची वाट बघितली नव्हती. पण कपाटातली बाहेर जायची साडी तिनं काढून, इस्त्री करून, खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवली होती.

एका मंगळवारी सकाळी साडेआठला आई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. फोन वाजला. निरोप होता: ‘अभिनंदन! आपले लसीकरण आज यशस्वीरीत्या पूर्ण झाले. दंड दुखत असल्यास घाबरू नये.’

आईनं निरोप दोनदा वाचला. मग डावी बाही वर करून बघितली, मग उजवी.

“अगं, जरा इकडे ये,” तिनं सुनेला हाक मारली. “मला लस दिली म्हणतायत. कळलंसुद्धा नाही बघ. फार हलका हात दिसतोय सिस्टरचा.”

हे कसं झालं, ते खुलाशांना त्याच क्षणी कळलं, आणि त्यांचा चहा कपातच राहिला.

झालं होतं असं. खुलाशांच्या प्रभागात लस घेण्यास पात्र माणसं अठरा हजार दोनशे बारा. त्यांतल्या अठरा हजारांना लस देऊन झाली होती, आणि हे काम सिस्टर लोकांनी खरोखर मान मोडून केलं होतं. त्याची चेष्टा करायची नाही. राहिले दोनशे बारा. कोणी अंथरुणाला खिळलेले, कोणी पायऱ्या न उतरणारे, कोणी नुसतेच यादीत मागे पडलेले. शेजारच्या प्रभागानं शंभर टक्के जाहीर केल्याची बातमी आली तशी साहेबांची झोप उडाली. घरोघरच्या पाहणीचा तक्ता निघाला. त्यात ‘लस घेतली आहे काय?’ या प्रश्नापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन रकाने होते. तेव्हा खुलाशांनी एक टिपण सादर केलं, की ‘नाही’ या रकान्यामुळे नागरिकांच्या मनात नकारात्मक भावना निर्माण होते, सबब तिथे ‘लवकरच’ असे छापावे. टिपण एवढं आवडलं की त्यावर तीन वेगवेगळ्या शाईंत ‘उत्तम’ असा शेरा आला. तक्ता छापला गेला. खुलाशांनी स्वतःच्या घराच्या तक्त्यात आईच्या नावापुढे प्रामाणिकपणे ‘लवकरच’वर खूण केली. पण संगणकात ‘नाही’ काढून टाकल्यावर ‘लवकरच’ घालायचं राहून गेलं होतं. त्यामुळे संगणकाला फक्त होय येत होतं. दोनशे बारा ‘लवकरच’ त्यानं एका सकाळी ‘होय’ करून टाकले, आणि सगळ्यांचं अभिनंदन केलं.

“पण यात वाईट काय झालं?” खुलासे संध्याकाळी आईला म्हणाले. “प्रमाणपत्र आलंय ना? ते दाखव फाटकावर आणि जाऊन ये मावशीकडे. उद्याच जा.”

“फाटकावरच्या माणसाला कागद चालेल रे,” आई म्हणाली. “साथीला वाचता येत नाही.”

“मावशीनं घेतलीये ना लस?”

“तिनं घेतलीये. छाती मात्र तीच आहे. तिच्या उशाशी बसायचं, तिचा हात हातात घ्यायचा, आणि मनात म्हणायचं, मी खोट्या कागदावर आत आले? मला जमणार नाही. खरी लस कधी देतोस ते सांग.”

खुलाशांनी सांगितलं की वस्तुस्थिती अशी आहे की. पुढे वाक्य आलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी खिडकीतून ‘पुढचे’ म्हटलं आणि पुढे आई उभी होती. बाहेर जायच्या साडीत नव्हती. ती साडी राखून ठेवलेली होती.

“आई, तू इथे कशाला? घरी बोलू ना.”

“घरी बोलले. नोंद झाली नाही. नमुना तीन दे.”

मागे सतरा माणसं होती. खुलाशांनी नमुना दिला. आईनं तो मागून-पुढून वाचला. ती हसली नाही.

“अर्जदारानं लस घेतली आहे काय?” खुलाशांनी नियमाप्रमाणे विचारलं. विचारताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

“तुमच्या वहीप्रमाणे घेतली आहे. म्हणजे पहिला नियम झाला.”

“मग दुसऱ्या नियमाप्रमाणे लस मिळाली नाही अशी टीका...”

“मी कुठे म्हणतेय मिळाली नाही? माझी तक्रार मिळाली अशी आहे.”

रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. खुलाशांनी नियमांचा कागद पुन्हा वाचला. लस न मिळण्याबद्दलची असून दोन्ही नियमांतून सुखरूप बाहेर पडलेली ही कक्षाच्या इतिहासातली पहिली टीका होती. तिला क्रमांक पडला चारशे सतरा, आणि आवक शिक्का बसला.

खुलासा देणं भाग होतं. तो त्यांनी कार्यालयातच लिहिला, घरी नेला नाही (घरच्या माणसाला घरी खुलासा देणं शिस्तीला सोडून आहे). खुलासा सव्वा पानाचा झाला. ‘लसीकरण ही व्यापक संकल्पना असून टोचणी हा तिचा केवळ एक टप्पा आहे’ हे वाक्य त्यात होतं, आणि दुसऱ्या कुठल्याही दिवशी खुलाशांना त्याचा अभिमान वाटला असता. गुरुवारी आईनं खिडकीवर येऊन तो घेतला, चाकाच्या खुर्चीत बसून, एका हातानं फळी धरून वाचला, पिशवीतून लाल पेन काढलं आणि खाली लिहिलं: ‘पायऱ्या दाखवलेल्या नाहीत. उत्तर चूक. दहापैकी शून्य.’ आणि परत दिला.

ते शून्य खुलाशांना फार लागलं. आईच्या हाताखाली ते शाळेत चार वर्षं होते. तिथेही इतकं खाली कधी आले नव्हते. आणि शून्याहून जास्त लागली ती खुर्चीच्या पाठीवरची साडी. रोज सकाळी डबा घेताना ती समोर दिसायची. आई तिच्यावरची धूळ झटकायची आणि घडी मोडली का बघायची.

शुक्रवारी ते लसीकरणाच्या खोलीत गेले. खोलीत फ्रिज होता, फ्रिजमध्ये लसीच्या बाटल्या होत्या, टेबलावर कापूस होता, आणि सिस्टर स्टुलावर बसून लोकर विणत होत्या. प्रभागाचे शंभर टक्के झाल्यापासून त्यांचे दोन मोजे आणि एक टोपरं झालं होतं.

“काका, लस आहे, सुई आहे, मी आहे,” सिस्टर म्हणाल्या. “फक्त टोचायला माणूस नाही. ज्याचं नाव टाकावं तो आधीच टोचलेला. नाव टाकलं की मशीन लाल होतं आणि ओरडतं. काल एक आजोबा आले, दंड उघडा करून उभे राहिले, म्हणाले, बघा, कुठे आहे भोक? मी काय दाखवणार?”

“आणि या बाटल्या?”

“पुढच्या महिनाअखेरीस मुदत संपते. मग नियमाप्रमाणे नष्ट करायच्या. त्याला मात्र रकाना आहे.”

खुलासे तिथून सरळ साहेबांकडे गेले. त्यांनी ठरवलं होतं की आज तो शब्द उच्चारायचाच. पण साहेब स्वतःच घायकुतीला आलेले होते.

“बरे आलात,” साहेब म्हणाले. “सोमवारी मोठे साहेब येतायत. शंभर टक्क्यांचा सत्कार. त्यांना लस देतानाचा फोटो हवाय. आता द्यायची कोणाला? राहिलंय कोण? आणि घेतलेल्याला पुन्हा दिली तर बोंब होईल.”

बराच खल झाला. शेवटी वरून परिपत्रक आलं: सत्कारप्रसंगी लसीकरणाचे प्रात्यक्षिक दाखवण्यात यावे. त्यासाठी एक ज्येष्ठ महिला निवडावी. तिने लस यापूर्वीच घेतलेली असावी (म्हणजे यादी बिघडणार नाही). चेहरा समाधानी असावा. सिरिंज रिकामी असावी.

“माझी आई आहे,” खुलासे म्हणाले. “ब्याऐंशी वर्षांची. लस घेतलेली. तुमच्या तक्त्यात नाव आहे.”

“आणि चेहरा?”

“चेहऱ्याचं मी बघतो.”

मग ते परत सिस्टरांच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. खुलाशांच्या एकतीस वर्षांतलं सर्वांत चांगलं काम त्यांनी त्या दोन मिनिटांत केलं, आणि त्याची कुठे नोंद नाही म्हणून इथे सांगतो.

“सिस्टर, परिपत्रकात सिरिंज रिकामी असावी असं म्हटलंय.”

“हो, वाचलं.”

“रिकामी कधी असावी, ते लिहिलेलं नाही. आधी की नंतर.”

सिस्टरांनी सुया खाली ठेवल्या. त्यांनी फ्रिजकडे बघितलं.

“टोचून झाल्यावर रिकामीच असते की, काका,” त्या म्हणाल्या. “ओरडू दे मशीन माझ्या नावानं. सोमवारी या घेऊन आजींना.”

आईला रविवारी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे खऱ्या लसीकरणात खोटी दिली, आणि खोट्या लसीकरणात खरी देणार?”

“तसंच.”

“ऋण गुणिले ऋण धन,” आई म्हणाली. “हे तू मला आधी लिहून दिलं असतंस तर पैकीच्या पैकी दिले असते.”

सोमवारी हार झाले, भाषणं झाली. मोठे साहेब म्हणाले की टीका करणारे टीका करत राहिले आणि आम्ही काम करत राहिलो. (हे खरंच होतं, दोन्ही कामं एकाच इमारतीत चालत.) आई खुर्चीत बसली. सिस्टरांनी बाही वर केली. कॅमेरे पुढे सरसावले. सुई आत गेली तशी आई “आई गं!” म्हणाली, आणि मोठ्या साहेबांनी मान डोलावून आपल्या साहेबांना हळूच सांगितलं, “काय अभिनय आहे हो म्हातारीचा!”

नंतर तिला सांगण्यात आलं की झालं, आता जाऊ शकता. आई हललीच नाही. लस घेतल्यावर अर्धा तास थांबायचं असतं म्हणाली. प्रात्यक्षिकात थांबायचं नसतं, असं तिला तीन जणांनी समजावलं. मांडव उतरला, सतरंज्या गुंडाळल्या, आणि मोकळ्या पटांगणात ब्याऐंशी वर्षांची एक बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत खुर्चीवर बसून राहिली. शेजारी खुलासे उभे होते. दंड दुखतोय का, असं त्यांनी सातव्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, “दुखतोय रे. छान दुखतोय.” खुलाशांनी चष्मा काढून पुसला.

मंगळवारी सगळ्या वर्तमानपत्रांनी एकमुखानं लिहिलं की फोटो खोटा आहे. सुईच नव्हती असं एकानं लिहिलं. बाईच नव्हती, पुतळा होता, असं दुसऱ्यानं. चहाच्या टपरीपासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत सगळ्या प्रभागानं फोटो मोठा करून करून बघितला. साहेबांनी खुलाशांना बोलावलं. खुलाशांनी अर्ध्या ओळीचा खुलासा लिहून आणला: ‘सदर महिलेस प्रत्यक्ष लस देण्यात आली.’

“वेडे झालात का?” साहेब ओरडले. “घेतलेलीला पुन्हा दिली म्हणतील!” त्यांनी ती ओळ खोडली आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘सिरिंज रिकामीच होती व ती नियमानुसारच रिकामी होती.’ खुलाशांचा एकतीस वर्षांतला पहिला खरा खुलासा असा टोपलीत गेला. त्यांनी तो टोपलीतून काढला, घडी घालून खिशात ठेवला, आणि त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं की वाईट वाटत नाहीये.

डॉक्टरांनी तीन आठवडे थांबायला सांगितलं होतं. एकविसाव्या दिवशी आईनं खुर्चीच्या पाठीवरची साडी नेसली. वृद्धनिवासाच्या फाटकावरच्या माणसानं प्रमाणपत्र बघितलं आणि तिला आत सोडलं. त्यावरची तारीख खोटी होती, पण आता तिच्या दंडाला ते चालत होतं. मावशी व्हरांड्यात बसली होती. दोघींनी एकमेकींना बघितलं, आणि कोण जास्त वाळली आहे यावरून लगेच वाद सुरू झाला. मावशी म्हणाली, तू. आई म्हणाली, मला चौदा महिने तुझा कानच दिसला, मला काय कळणार तू किती होतीस! मग आईनं तिचा हात हातात घेतला तो संध्याकाळची घंटा होईपर्यंत सोडला नाही. खुलासे जरा लांब, कुंड्यांपाशी उभे राहून कुंड्या मोजत होते. नऊ होत्या. ते खूप वेळ मोजत होते.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. खुलाशांनाही तसंच वाटलं. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी अर्ज क्रमांक चारशे सतरा आईपुढे ठेवला आणि समाधानाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“कर सही. झालं ना समाधान?”

“माझं झालं,” आई म्हणाली. “दोनशे बारातून एक गेला. राहिले किती?”

“दोनशे अकरा.”

“मग? त्यांच्यातल्या कोणाच्या बहिणी नाहीत? का प्रत्येकासाठी मांडव घालून फोटो काढणार आहेस?”

तिनं सही केली नाही. उलट अर्जाच्या समासात लाल पेनानं लिहिलं: ‘उरलेले २११. बाकी शून्य आल्याशिवाय गणित सुटले असे समजू नये.’

मुदतीचे पंधरा दिवस सत्काराच्या कामात गेले, म्हणून साहेबांच्या शेऱ्यानं ते पुन्हा नव्यानं मोजायला घेतले होते. त्या पंधरा दिवसांत दुसरी सही हवी होती. नऊ हजार प्रकरणं बंद केलेल्या खुलाशांनी आयुष्यात पहिल्यांदा एक अर्ज उघडा ठेवण्यासाठी पायपीट केली. ते शेजाऱ्यांकडे गेले. न्हाव्याकडे गेले. त्या शिंप्याकडेही गेले. ज्यानं पुतळा म्हणून लिहिलं होतं त्या संपादकाकडे गेले. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. वाटाण्यांचं, ‘लवकरच’चं, रिकाम्या सिरिंजचं. सगळे जीव लावून ऐकायचे. “काय कारभार आहे!” म्हणायचे. न्हावी तर इतका हसला की त्यानं वस्तरा बाजूला ठेवला. संपादकानं गोष्ट दोनदा सांगायला लावली, दुसऱ्यांदा बायकोला बोलावून. सही म्हटलं की मात्र प्रत्येकाला काहीतरी आठवायचं. आणि खुलासे घरी येऊन, नोकरीशी प्रामाणिक राहून, सहाव्या नियमाप्रमाणे एकेकाच्या नावापुढे टिंब द्यायचे.

आज पंधरावा दिवस. पाऊण वाजला आहे. खिडकी उघडी आहे, फळीवर अर्ज क्रमांक चारशे सतरा ठेवलेला आहे, दुसऱ्या सहीची जागा कोरी आहे. वर लसीकरणाच्या खोलीत फ्रिज चालू आहे. बाटल्यांची मुदत उद्यापर्यंत आहे. एका चाकाच्या खुर्चीत आई बसली आहे, दुसरीत सिस्टरांपुढे दंड उघडा करणारे ते आजोबा (त्यांची सही चालत नाही, वाटाण्यांपाशी तेही हसले होते). पेनात शाई आहे, हे खुलाशांनी मघाशी हातावर रेघ ओढून बघितलं.

आता राहिलात तुम्ही. तुम्ही सगळं पहिल्यापासून वाचलंय, त्यामुळे पुन्हा सांगत बसत नाही. फक्त नोंदीपुरतं विचारायचं आहे: वाचताना मध्ये कुठे हसलात का? पुलापाशी, पुतळ्यापाशी, कुठेही? हसला नसलात तर पेन फळीला बांधलेलंच आहे, पंधरा मिनिटं आहेत. हसला असलात तर तसदी घेऊ नका, बसून राहा. तुमच्या नावापुढे खुलाशांनी टिंब दिलेलं आहे. तुमचं समाधान झालं, आणि त्याबरोबर त्या दोनशे अकरा जणांचंही झालं.